गोविंद बल्लाळ देवल

गोविंद बल्लाळ देवल (जन्म : हरिपूर, १३ नोव्हेंबर १८५५; मृत्यू : १४ जून १९१६) हे मराठी नाटककार, नट, पद्यरचनाकार आणि नाट्यशिक्षक होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी सुरू केलेल्या संगीत रंगभूमीच्या पहिल्या पिढीतले ते प्रमुख लेखक होत. त्यांनी एकूण सात नाटके लिहिली. त्यांपैकी 'संगीत शारदा' (१८९९) हे त्यांचे एकमेव स्वतंत्र नाटक होय. उरलेली सहा संस्कृत वा इंग्रजी कृतींवर आधारलेली आहेत. 'मृच्छकटिक', 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' ही त्यांची नाटके शतकाहून अधिक काळ मराठी रंगभूमीवर टिकून राहिली आहेत.

देवलांच्या नावावर स्वतःची नाटक मंडळी कधीच नव्हती. त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली, निरनिराळ्या मंडळ्यांसाठी लेखन केले, नटांना शिकवले आणि आयुष्यभर नाटकावरच निर्वाह केला. आज ज्याला मुक्त व्यावसायिक म्हणतात, तशा पद्धतीने नाट्यक्षेत्रात जगलेल्या आरंभीच्या मराठी लेखकांत त्यांची गणना करता येते.

बालपण आणि शिक्षण

देवलांचा जन्म सांगलीजवळच्या हरिपूर या गावी झाला. कृष्णा व वारणा या नद्यांचा संगम, संगमेश्वराचे देवालय आणि हळद साठवण्याची जमिनीतली पेवे यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. सांगली हे मराठी नाटकाचेही उगमस्थान. विष्णुदास भावे यांनी संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने १८४३ मध्ये येथेच 'सीतास्वयंवर' हे नाटक सादर केले होते. १८५१ मध्ये अप्पासाहेबांचे निधन झाले आणि भाव्यांचा राजाश्रय संपला. त्यांना नटसंच घेऊन गावोगावी प्रयोग करीत हिंडावे लागले. त्यानंतर चारच वर्षांनी देवलांचा जन्म झाला. राजाश्रय गेल्यावर तिकीट काढून येणारा प्रेक्षक हाच नाटकवाल्याचा आधार उरला होता, आणि देवलांचे सारे आयुष्य याच नव्या व्यवस्थेत गेले.

त्यांचे इंग्रजी शिक्षण बेळगावला झाले. तेथे त्यांना बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक म्हणून लाभले. अण्णासाहेबांचा नाटकाचा नाद शाळेपुरता मर्यादित नव्हता, आणि त्याचा परिणाम या विद्यार्थ्यावर कायमचा झाला. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर देवलांनी बेळगावच्या हायस्कुलात शिक्षकाची नोकरी धरली. त्या काळी मॅट्रिक झालेल्या तरुणाला सरकारी कचेरीत किंवा शाळेत कायमची जागा मिळणे शक्य होते, आणि अशी जागा मिळाल्यावर ती सोडणे हा घरच्यांच्या दृष्टीने अविचारच ठरत असे.

किर्लोस्कर नाटक मंडळीत

अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यात रेव्हिन्यू कमिशनरांच्या कचेरीत नोकरीस असताना त्यांनी कालिदासाच्या 'शाकुंतला'चे संगीत रूपांतर केले. त्याचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. पाठोपाठ 'सौभद्र' (१८८२) रंगभूमीवर आले आणि नाटक पाहण्यास न धजावणारा सुशिक्षित वर्गही नाट्यगृहाकडे वळला. देवल आपल्या गुरूच्या मंडळीत दाखल झाले. त्यांनी तेथे भूमिका केल्या, तालमींत अण्णासाहेबांना साहाय्य केले आणि नाटक बसवण्याची कला प्रत्यक्ष कामातून आत्मसात केली.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे निधन झाले. ज्यांच्या भरवशावर नोकरी सोडली तेच छत्र वयाच्या तिसाव्या वर्षी हरपले. मंडळीचा कारभार पुढे भागीदारांच्या हाती राहिला, आणि देवलांचे मंडळीशी असलेले नाते यापुढे शिष्याचे न राहता व्यवहाराचे झाले. शेतकीचे शिक्षण घ्यावे म्हणून ते काही काळ पुण्याच्या महाविद्यालयातही गेले होते. परंतु हा मार्ग त्यांनी फार काळ धरला नाही. पुण्याच्या आर्योद्धारक नाटक मंडळीत त्यांनी तालीम मास्तर म्हणून काम केले आणि त्याच सुमारास स्वतःचे नाट्यलेखन सुरू केले. १८८६ ते १८९३ या आठ वर्षांत त्यांची पाच नाटके लिहून झाली.

नाट्यलेखन

देवलांची सात नाटके पुढीलप्रमाणे आहेत :

* दुर्गा (१८८६) – इंग्रज नाटककार टॉमस सदर्न याच्या 'द फेटल मॅरेज' या शोकनाट्यावरून. हे नाटक इंग्लंडात पुढे 'इझाबेला' या नावानेही गाजले होते.
* मृच्छकटिक (१८८७) – शूद्रकाच्या संस्कृत प्रकरणावरून.
* विक्रमोर्वशीय (१८८९) – कालिदासाच्या नाटकावरून.
* झुंजारराव (१८९०) – शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून.
* शापसंभ्रम (१८९३) – बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून.
* शारदा (१८९९) – स्वतंत्र.
* संशयकल्लोळ (१९१६) – आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग' या सुखात्मिकेवरून.

पहिल्याच नाटकाचा विषय लक्षणीय आहे. पती मरण पावला असे समजून दारिद्र्यामुळे दुसरा विवाह करावा लागलेली स्त्री आणि त्यानंतर जिवंत परत आलेला पहिला पती, हे 'दुर्गा'चे मूळ कथासूत्र. विधवाविवाहाची चर्चा महाराष्ट्रात तापलेली असताना देवलांनी हे नाटक निवडले. स्त्रीच्या असहाय स्थितीचा हा धागा पुढे 'शारदा'त अधिक प्रखरपणे प्रकट झाला.

'मृच्छकटिका'त देवलांनी संस्कृत नाटकाचा विस्तार आवरून चारुदत्त, वसंतसेना आणि शकार यांच्या व्यक्तिरेखा मराठी प्रेक्षकाला जवळच्या वाटतील अशा भाषेत उभ्या केल्या. उदारपणामुळे निर्धन झालेल्या चारुदत्ताचे दुःख हा या नाटकाचा गाभा आहे. 'शापसंभ्रमा'त बाणभट्टाच्या दीर्घ समासांनी भरलेल्या गद्यकथेतून रंगमंचावर दाखवता येईल असा भाग वेगळा काढणे हे मोठे अवघड काम होते, आणि ते त्यांनी सफाईने केले.

'झुंजारराव' हे गद्य नाटक शाहूनगरवासी नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. नटवर्य गणपतराव जोशी यांनी साकारलेला झुंजारराव त्यांच्या श्रेष्ठ भूमिकांपैकी एक मानला जातो. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात गद्य नाटक करणाऱ्या मंडळीसाठीही देवलांनी लेखन केले, यावरून एकाच मंडळीशी वा एकाच नाट्यप्रकाराशी ते बांधलेले नव्हते हे स्पष्ट होते.

संगीत शारदा

'शारदा' हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ मध्ये रंगभूमीवर आणले. जरठ-बालाविवाह, म्हणजे वृद्ध पुरुषाने अल्पवयीन मुलीशी केलेला विवाह, आणि पैसे घेऊन मुलगी देण्याची चाल हे या नाटकाचे विषय आहेत. धनाढ्य वृद्ध विधुर भुजंगनाथ याला पुन्हा विवाह करावयाचा आहे. भद्रेश्वर दीक्षित हा लग्ने जुळवणारा मध्यस्थ त्याच्यासाठी कांचनभट या लोभी भिक्षुकाची कन्या शारदा हेरतो. आई इंदिराकाकू हिचा विरोध कांचनभट जुमानत नाही. कोदंड हा तरुण मात्र हा विवाह मोडण्याचा निर्धार करतो. ऐन विवाहप्रसंगी वर आणि वधू एकाच गोत्राचे असल्याचे उघड होते आणि विवाह मोडतो. या अपमानाने जीव द्यावयास निघालेल्या शारदेला कोदंड वाचवतो आणि शेवटी शंकराचार्यांच्या आशीर्वादाने त्या दोघांचा विवाह होतो.

या नाटकामागे दीड दशकाच्या सामाजिक वादळाची पार्श्वभूमी होती. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास उभा राहिलेला रखमाबाईंचा खटला देशभर गाजला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने तर महाराष्ट्रात सुधारक आणि सनातनी असे दोन तट पडले. सभा आणि वृत्तपत्रे यांतून चाललेला हा वाद देवलांनी एका घराच्या ओसरीवर आणून ठेवला. प्रेक्षकांत बसलेल्या अनेक कुटुंबांत अशी लग्ने झालेली होती. त्यांना दुखावले तर त्याचा फटका मंडळीच्या उत्पन्नाला बसणार होता. पौराणिक वा संस्कृत कथानकांची हमखास वाट सोडून असा विषय घेणे हे लेखक आणि मंडळी या दोघांच्याही दृष्टीने धाडसाचे होते.

देवलांनी ही जोखीम ज्या रीतीने पेलली तिच्यातच त्यांचे कौशल्य दिसते. नाटकात व्याख्याने नाहीत. भुजंगनाथाची तारुण्याची हौस आणि भद्रेश्वराचा कावेबाजपणा यांवर प्रेक्षक मनमुराद हसतो, आणि त्याच हसण्यातून शारदेची अवस्था त्याच्या मनाला टोचू लागते. विवाह मोडण्यासाठी सगोत्राचा आधार घेतल्यामुळे शास्त्राचे नाव पुढे करणाऱ्यांना शास्त्रानेच उत्तर मिळते. मात्र याच योजनेमुळे मूळ प्रश्न बाजूला पडतो, कारण गोत्र वेगळे असते तर तो विवाह पार पडला असता, असा आक्षेप समीक्षकांनी घेतला आहे. तो रास्त असला तरी शारदेच्या तोंडून ऐकू आलेले मुलीचे दुःख प्रेक्षकांच्या स्मरणातून गेले नाही.

हे नाटक किर्लोस्कर मंडळीपुरते मर्यादित राहिले नाही. स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत बालवयातील केशवराव भोसले यांनी केलेली शारदेची भूमिका विलक्षण लोकप्रिय झाली आणि त्याच भूमिकेने त्यांचे नाव सर्वत्र पसरले.

बालविवाहास प्रतिबंध करणारा १९२९ चा कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो. त्याचे नाव या नाटकावरून पडले असा समज महाराष्ट्रात पुष्कळदा आढळतो, पण तो बरोबर नाही. हा कायदा मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून ते नाव आले. १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या या कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय किमान १४ आणि मुलाचे १८ वर्षे ठरवले. तोवर देवलांचे नाटक तीस वर्षे गावोगावी होत होते.

संशयकल्लोळ

१८९३ च्या सुमारास देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य प्रहसन लिहिले होते. आर्थर मर्फीच्या १७६१ मधील ज्या इंग्रजी नाटकावरून ते घेतले, ते नाटक स्वतःच मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० मधील 'स्गानारेल' या प्रहसनावर आधारलेले होते. आयुष्याच्या अखेरीस देवलांनी हेच प्रहसन पदे घालून नव्याने सिद्ध केले आणि 'संगीत संशयकल्लोळ' जन्मास आले.

रस्त्यात सापडलेल्या एका तसबिरीवरून संशयी फाल्गुनराव आणि त्याची तितकीच संशयी पत्नी कृत्तिका एकमेकांवर आळ घेतात. अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांतही त्यामुळे बेबनाव होतो. पात्रांना महिन्यांची व नक्षत्रांची नावे देण्याची कल्पना, चुरचुरीत संवाद आणि संशयाला संशय जोडत जाणारी रचना यांमुळे हे नाटक परक्या मुळाचा मागमूसही लागू देत नाही. फ्रान्समधून इंग्लंडमार्गे आलेली ही कथा आज मराठी घरातलीच वाटते. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती या भूमिका गाजल्या. ज्या वर्षी हे संगीत नाटक पुढे आले त्याच वर्षी देवलांचे निधन झाल्याने त्याची पुढची दीर्घ लोकप्रियता त्यांना पाहता आली नाही.

नाट्यशिक्षक आणि नाट्यव्यवसाय

त्या काळातील नाटक मंडळी म्हणजे फिरते कुटुंबच असे. मालक वा भागीदार, पगारी नट, गवई, साथीदार, पडदे रंगवणारे, आचारी आणि पाणके असा मोठा परिवार एका बिऱ्हाडात राहत असे आणि सामानसुमानासह एका गावाहून दुसऱ्या गावी मुक्काम हलवीत असे. सारा खर्च रात्रीच्या उत्पन्नावर चाले. मुख्य नट आजारी पडला, गावात रोगाची साथ आली किंवा भागीदारांत फूट पडली तर मंडळी बसण्यास वेळ लागत नसे. १८९६-९७ मध्ये सुरू झालेला प्लेग आणि त्यानंतरचा दुष्काळ यांनी महाराष्ट्रातील शहरे ओस पाडली. 'शारदा' रंगभूमीवर आले ते याच आपत्तीच्या वर्षांत.

या व्यवस्थेत नटाला पगार होता आणि मालकाला नफा होता. लेखकाचे स्थान मात्र अनिश्चित असे. नाटक लिहून दिल्यावर त्याच्या पुढील प्रत्येक प्रयोगाबरोबर लेखकाला मोबदला मिळत राहील अशी पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. नाटक वर्षानुवर्षे चालले तरी लेखकाला पुन्हा नव्या कामाच्या शोधात राहावे लागे. देवलांच्या लेखनाचा काळ पाहिला तर ही गोष्ट ध्यानात येते. १८९९ ते १९१६ या सतरा वर्षांत त्यांनी एकही नवे नाटक दिले नाही, आणि शेवटचे नाटकही जुन्या प्रहसनाचेच नवे रूप होते. या दीर्घ काळात त्यांचे मुख्य काम शिकवण्याचे होते.

शाळेतली नोकरी सोडलेला हा शिक्षक तालमीच्या जागी मात्र अखेरपर्यंत शिक्षकच राहिला. 'देवल मास्तर' याच नावाने नटवर्ग त्यांना ओळखत असे. वाक्यातील कोणत्या शब्दावर भार द्यावा, पद म्हणताना अर्थ कसा सुटू देऊ नये, दुसरे पात्र बोलत असताना आपण कसे ऐकावे, याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. गणपतराव बोडस आणि बालगंधर्व यांच्या अभिनयाच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, तेव्हा तिच्या तालमींसाठी देवलांचे मार्गदर्शन घेण्यात आले. ज्या मंडळीशी त्यांचे सर्वांत जुने नाते होते तिच्यातून फुटून निघालेल्या मंडळीलाही ते आपले वाटले, हे त्यांच्या स्वतंत्र स्थानाचेच फळ होते.

स्वतःची मंडळी नसल्याने देवलांना मालकी, नफा आणि कायमचे छप्पर लाभले नाही. पण भागीदारांची भांडणे, कर्जे आणि हिशेब यांपासूनही ते दूर राहिले. कोणते नाटक घ्यावे आणि कोणासाठी लिहावे याचा निर्णय बराचसा त्यांच्या हाती राहिला. तीस वर्षांत सातच नाटके, आणि त्यांतली बहुतेक दीर्घकाळ चाललेली, हा हिशेब याच स्वातंत्र्यातून जमला असे म्हणता येते.

शैली

देवलांची भाषा साधी, घरगुती आणि बोलीच्या लयीत जाणारी आहे. किर्लोस्करांच्या नाटकांत पदांची संख्या मोठी होती आणि कथानकाचा पुष्कळ भाग पदांतूनच सांगितला जात असे. देवलांनी गद्य संवादांना अधिक बळ दिले. त्यांचे पद सहसा पात्राच्या मनःस्थितीतून येते आणि पहिल्या श्रवणातच अर्थ पोचवते. चालींसाठी त्यांनी साकी, दिंडी यांसारख्या परिचित रचनांचा, तसेच लोकगीतांच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चालींचा उपयोग केला. त्यामुळे त्यांची पदे घरोघरी गायली गेली.

रूपांतरकार म्हणूनही त्यांची योग्यता मोठी आहे. मूळ कृतीतील प्रसंगांचा सांगाडा ठेवून माणसे, नाती, चालीरीती आणि विनोद पूर्णपणे मराठी करणे ही त्यांची पद्धत होती. खलपात्रांना हास्यास्पद करण्याची त्यांची हातोटी शकारापासून भुजंगनाथापर्यंत दिसून येते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आणि राम गणेश गडकरी यांच्या भाषेचे वैभव देवलांच्या ठायी नाही. मात्र नटाच्या तोंडी सहज बसणारे वाक्य लिहिण्यात त्यांच्या तोडीचे नाटककार थोडेच झाले. स्वतः नट आणि शिक्षक असल्याचा हा लाभ होता.

मृत्यू आणि स्मरण

१४ जून १९१६ रोजी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी देवलांचे निधन झाले. त्यांचा स्मृतिदिन अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेतर्फे साजरा केला जातो आणि त्या निमित्ताने रंगकर्मींचा पुरस्कार देऊन गौरव करण्यात येतो. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' ही नाटके विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत शिकवली गेली आहेत. 'संशयकल्लोळ'चे प्रयोग व्यावसायिक तसेच हौशी संस्था आजही करतात, आणि संगीत नाटकाची उमेदवारी करणाऱ्या नव्या गायक-नटांच्या शिक्षणाचा आरंभ पुष्कळदा देवलांच्याच पदांनी होतो.